हवे आणि हवेसे

पॅरिस शहरात, सेन नदीच्या डाव्या तीरावर, रू द बाक नावाचा एक रस्ता आहे. रस्ता जुना, अरुंद आणि तसा साधाच. परंतु त्याच्या दक्षिण टोकाला हाकेच्या अंतरावर दोन दरवाजे आहेत आणि जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे रोज या दोन्ही दरवाजांतून आत-बाहेर करीत असतात. पहिला दरवाजा आपल्या परिचयाचा आहे. १८३० साली याच ठिकाणी पवित्र मरियेने कॅथरीन लाबूरे या तरुण धर्मभगिनीला दर्शन दिले, आणि आपल्या आयाबायांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या दिसणारे चमत्कारी पदक येथूनच जगभर गेले. दुसरा दरवाजा ‘ल बाँ मार्शे’ या भव्य दालनाचा. जगातील अगदी सुरुवातीच्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये त्याची गणना होते आणि आज ते पॅरिसमधील उंची खरेदीचे एक माहेरघर आहे. एका दारी माणसे काही मागायला जातात, दुसऱ्या दारी काही घ्यायला. या दोन क्रियांत अंतर किती, हाच या लेखाचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी लूर्डच्या यात्रेला निघालेल्या भाविकांसमवेत आम्ही या रस्त्यावर गेलो होतो. मिस्सा झाली, संत कॅथरीनच्या देहाचे दर्शन झाले, पदके घेऊन झाली. बस यायला अर्धा तास होता. आमच्यापैकी काही जण ‘नुसते पाहून येतो’ असे सांगून त्या दुसऱ्या दारातून आत गेले. अर्धा तास उलटला तरी मंडळी परतेनात, म्हणून त्यांना आणायला आम्ही स्वतः आत गेलो. सत्य सांगायचे तर आम्हीही तेथे एका कातडी बांधणीच्या वह्यांपाशी पंधरा मिनिटे रेंगाळलो. वहीची आम्हाला गरज नव्हती. प्रवचनाची टिपणे आम्ही पाठकोऱ्या कागदांवर लिहितो.

परतीच्या वाटेवर बसमध्ये एक वयस्क भगिनी आमच्या शेजारी येऊन बसल्या. आयुष्यभर वाडीतला भाजीपाला बाजारात नेऊन विकणाऱ्या, हिशेबाला पक्क्या आणि प्रार्थनेला त्याहून पक्क्या. त्या हळूच म्हणाल्या, “फादर, तिथं एक रेशमी रुमाल होता, गळ्यात घालायचा. किंमत बघितली आणि ठेवून दिला. पण अजून डोळ्यांपुढून जात नाही. चॅपेलमध्ये गुडघ्यावर होते तेव्हा काय मागायचं ते सुचत नव्हतं, आणि तिथं मात्र सगळंच हवंसं वाटायला लागलं. याचं पाप लागतं का हो?”

त्या क्षणी आम्ही नीतिशास्त्राच्या पुस्तकातील उत्तर दिले. मनात इच्छेची पहिली लहर उठणे हे पाप नव्हे, त्या लहरीला बुद्धीची आणि संकल्पाची संमती मिळते तेव्हा जबाबदारी सुरू होते. उत्तर बरोबर होते. त्यांचे समाधानही झाले. आमचे मात्र झाले नाही. कारण त्यांच्या प्रश्नाचा उत्तरार्ध आम्ही ऐकूनही न ऐकल्यासारखा केला होता. गुडघ्यावर असताना काय मागावे ते सुचत नाही आणि काउंटरपुढे सगळेच हवेसे वाटते, असे का व्हावे? आणि तो रुमाल त्यांना हवासा वाटला यात सारा वाटा त्यांचाच होता, की तो ज्याने तेथे तसा मांडला त्याचाही काही होता? या प्रश्नांच्या मागोमाग आम्ही त्या दालनाच्या इतिहासात शिरलो.

इतिहासाची सुरुवात अगदी सामान्य आहे. विदो बंधूंनी १८३८ मध्ये थाटलेले ‘बाँ मार्शे’ हे कापड, गाद्या, छत्र्या अशा वस्तूंचे एक दुकान होते. ‘बाँ मार्शे’ या शब्दांचा अर्थच मुळी ‘स्वस्त’ असा आहे. नॉर्मंडीच्या बाजूच्या बेलेम गावातून आलेला आरिस्तीद बुसिको हा टोपीविक्याचा मुलगा १८५२ मध्ये या दुकानात भागीदार म्हणून आला आणि १८६३ मध्ये संपूर्ण दुकानाचा मालक झाला. त्याने हाती घेतले तेव्हा दुकानाची वार्षिक उलाढाल सुमारे ५ लाख फ्रँक होती. १८७७ मध्ये तो मरण पावला तेव्हा ती ६ कोटी फ्रँकच्या पुढे गेली होती. पंचवीस वर्षांत हे कशाने साधले?

बुसिकोपूर्वीच्या पॅरिसमध्ये दुकानाचा उंबरठा ओलांडणे म्हणजे खरेदीचे वचन देण्यासारखे असे. आत गेल्यावर काही न घेता बाहेर पडणे अशिष्टपणाचे मानले जाई. मालावर किंमत लिहिलेली नसे. दुकानदार गिऱ्हाइकाचा पेहराव, बोलणे, घाई, अज्ञान यांचा अंदाज घेई आणि मग तोंडाला येईल तो भाव सांगे. बुसिकोने प्रत्येक वस्तूवर ठरीव किंमत लावली. तीच किंमत सरदारपत्नीला आणि तीच तिच्या मोलकरणीला. प्रवेश मुक्त केला, काही घेण्याची सक्ती नाही. घेतलेली वस्तू पसंत पडली नाही तर परत आणा, पैसे घ्या. नफा थोडा आणि खप मोठा, हे त्याचे सूत्र होते. यातील एकेक कल्पना त्याच्याआधी अन्य दुकानदारांनी आजमावली होती. स्वतः बुसिको पूर्वी याच रस्त्यावरच्या ‘पेती सँ तोमा’ या दुकानात नोकरीला होता आणि तेथे त्याने पुष्कळ पाहिले होते. परंतु या साऱ्या कल्पना एकत्र गुंफून त्यांचे शिस्तबद्ध शास्त्र करण्याचे श्रेय त्याला द्यावे लागते.

या घटनेकडे केवळ व्यापारातील क्लृप्ती म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रश्न खर्ची घातला आहे. न्याय्य किमतीहून अधिक दराने वस्तू विकण्यासाठी लबाडी करणे हे पाप आहे, आणि मालातील छुपा दोष गिऱ्हाइकापासून दडवणे हाही अन्याय आहे, असे ते सांगतात. सहाशे वर्षे जे व्यासपीठावरून सांगितले गेले आणि बाजारात क्वचितच पाळले गेले, ते एका कापडविक्याने किमतीच्या चिठ्ठीच्या रूपाने प्रत्यक्षात आणले. आमच्या त्या भगिनींना हे सांगितले तेव्हा त्या मोकळेपणाने हसल्या. “आम्ही तर अजून गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगतो, फादर. गाडीतून उतरला तर दहा रुपये जास्त!” त्या हसण्यात एक कबुलीही होती. किमतीची चिठ्ठी माणसामाणसांत भेद करीत नाही. तिच्यापुढे अडाणी माणूस फसत नाही आणि लाजाळू माणूस नाडला जात नाही. सत्याचा एक लहानसा विजय म्हणून आपण तिचे स्वागत केले पाहिजे.

परंतु याच चिठ्ठीची दुसरी बाजू हळूहळू प्रकट झाली. घासाघीस संपली, तशी दोन माणसांमधील बोलाचालीही संपली. पूर्वी गिऱ्हाईक दुकानदारापुढे उभे असे, आता ते वस्तूपुढे उभे राहिले. आणि वस्तू बोलत नाही, ती नुसती मोह घालते. बुसिकोला हे पुरते उमगले होते. १८६९ मध्ये नव्या इमारतीची पायाभरणी झाली. लुई-शार्ल ब्वालो हा तिचा वास्तुविशारद. पुढे मनोऱ्यासाठी जगप्रसिद्ध झालेल्या गुस्ताव आयफेल यांचाही तिच्या लोखंडी बांधणीत सहभाग होता. लोखंडाच्या सडपातळ खांबांवर काचेचे छत, त्यातून झिरपणारा प्रकाश, मधोमध वळणदार जिने, सज्जांवरून खाली सोडलेले रेशीम आणि गालिचे. १८८७ मध्ये हे बांधकाम पूर्ण झाले. आत वाचनकक्ष होता, चित्रे मांडलेली होती, थकलेल्यांसाठी पेयपानाची सोय होती, मुलांसाठी फुगे आणि रंगीत चित्रे होती. जानेवारीच्या मंदीत पांढऱ्या चादरी आणि अभ्रे यांचा खास सेल भरवण्याची प्रथा या दालनाने रूढ केली. दूरच्या गावांतील घरी सूचिपत्रे टपालाने जात. जो दुकानापर्यंत येऊ शकत नव्हता त्याच्या घरापर्यंत दुकानच जाऊ लागले.

कादंबरीकार एमिल झोला यांनी या दालनाचे बारकाईने निरीक्षण करून १८८३ मध्ये एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या नावाचा अर्थ ‘स्त्रियांचे सौख्य’ असा काहीसा होतो. झोला ख्रिस्तसभेचे मित्र नव्हते. तरीही त्यांनी या दालनाला कॅथीड्रलची उपमा दिली, आणि श्रद्धा ओसरल्याने ओस पडत चाललेल्या देवळांतून बाहेर पडलेल्या स्त्रिया आपली रिकामी दुपार भरण्यासाठी येथे येतात, असे सुचवले. शत्रूच्या तोंडून आलेले हे निदान आम्हा धर्मगुरूंना विचार करायला लावणारे आहे. उंच छत, वरून येणारा प्रकाश, सणावारांचे पंचांग, मुलांना वाटली जाणारी चित्रे! या साऱ्या गोष्टी माणसाच्या मनावर काय परिणाम करतात ते ख्रिस्तसभेला शतकानुशतके ठाऊक होते. व्यापाराने त्या उचलल्या आणि वेदीच्या जागी काउंटर मांडले. त्याच काळात पॅरिसच्या डॉक्टरांना एक नवा रुग्ण भेटू लागला. सुखवस्तू घरातील, पैशाची ददात नसलेली स्त्री दालनात चोरी करताना पकडली जाई आणि आपण हे का केले ते तिला स्वतःलाच सांगता येत नसे. १९०२ मध्ये पॉल द्युब्यिसाँ या डॉक्टरांनी या विषयावर संपूर्ण पुस्तकच लिहिले.

येथे संत थॉमस पुन्हा आपल्या मदतीला येतात. माणसाच्या इच्छा दोन प्रकारच्या असतात, असे त्यांचे विवेचन आहे. एक निसर्गाने दिलेली, अन्नाची, पाण्याची, आसऱ्याची. तिला मर्यादा असते. पोट भरले की भूक थांबते. दुसरी बुद्धीतून आणि कल्पनेतून उपजणारी. तिला मर्यादा नसते, कारण कल्पनेला पोट नाही. आपल्या मराठीत या दोहोंसाठी सुरेख शब्द आहेत, ‘हवे’ आणि ‘हवेसे’. भाकरी हवी असते. रेशमी रुमाल हवासा वाटतो. बुसिकोपूर्वीचे दुकान जे हवे ते विकत असे. बुसिकोच्या दालनाने हवेसे निर्माण करण्याची विद्या शोधून काढली, आणि ही विद्या हीच त्याची जगाला मिळालेली खरी मिरास आहे.

दहाव्या आज्ञेत परमेश्वराने शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ धरू नको असे सांगितले. तेथे शेजाऱ्याचे घर, त्याची गुरे ही त्याची स्वतःची होती, विक्रीला मांडलेली नव्हती. त्यांचा लोभ धरला जावा अशी शेजाऱ्याची इच्छाही नव्हती. लोभ धरला जावा याच हेतूने वस्तू मांडल्या जातील, त्यासाठी प्रकाश, सुगंध आणि संगीत योजले जाईल, ही गोष्ट सीनाय पर्वताच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या त्या लोकांच्या स्वप्नातही आली नसेल. म्हणूनच आमच्या भगिनींचा प्रश्न जुन्या चौकटीत नीट बसत नव्हता. इच्छा त्यांची होती हे खरे, परंतु ती लावण करून वाढवलेली इच्छा होती. जो लावण करतो त्याला पिकाची जबाबदारी पूर्णपणे झटकता येत नाही.

मग बुसिको हा दुर्जन होता का? येथे कथा आपल्याला सोपा निवाडा देऊ देत नाही. त्याच्या दालनात शिस्त कडक होती, कामाचे तास लांबलचक होते, चुकलेल्याला तडकाफडकी घरी पाठवले जाई. कमिशनवर काम करणारे विक्रेते गिऱ्हाइकासाठी एकमेकांवर तुटून पडत. परंतु त्याच दालनात नोकरांना जेवण मिळे, अविवाहित मुलींना वरच्या मजल्यावर राहण्याच्या खोल्या होत्या, संध्याकाळी परकीय भाषांचे आणि संगीताचे वर्ग चालत. १८७६ मध्ये बुसिकोने कर्मचाऱ्यांसाठी निर्वाहनिधी सुरू केला आणि त्यात पगारातून कपात न करता नफ्यातून रक्कम टाकली. पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे कामगारांविषयीचे विश्वपत्र १८९१ साली आले, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी. साप्ताहिक विश्रांतीचा हक्क देणारा फ्रान्सचा कायदा तर १९०६ साली झाला. त्याआधी १८६९ मध्ये पॅरिसच्या दुकानांतील नोकरांनी रविवारच्या सुटीसाठी संपही केला होता.

आणि मग मार्गरीत. या कथेतील सर्वांत लक्षात राहणारी व्यक्ती आमच्या मते तीच आहे. १८१६ मध्ये बरगंडीतील व्हेर्झ्यू या खेड्यात एका अविवाहित मातेच्या पोटी तिचा जन्म झाला. लहान वयातच ती पोटासाठी पॅरिसला आली, कपडे धुण्या-इस्त्रीचे काम शिकली, पुढे याच रू द बाकवरील एका साध्या खाणावळीत तिची आणि तरुण बुसिकोची गाठ पडली असे सांगतात. नव्या इमारतीचा कोनशिलासमारंभ तिच्या हस्ते झाला. १८७७ मध्ये पती गेला. १८७९ मध्ये एकुलता एक मुलगाही गेला. अपार वैभवाच्या मध्यभागी ती एकटी उरली. तिने १८८० मध्ये कर्मचाऱ्यांना भागीदारी दिली, १८८६ मध्ये स्वतःच्या मालमत्तेतून त्यांच्यासाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला, लुई पाश्चर यांच्या नियोजित संस्थेला मोठी देणगी दिली. गावच्या लोकांना साओन नदी ओलांडता यावी म्हणून तिने पुलासाठी पैसे दिले. १८८७ मध्ये ती निवर्तली तेव्हा मृत्युपत्रान्वये तिच्या संपत्तीतून पॅरिसमध्ये इस्पितळ उभारण्याची व्यवस्था झाली. ते १८९७ मध्ये सुरू झाले आणि २००० सालापर्यंत त्या नावाने रुग्णांची सेवा करीत राहिले.

या दानशूरतेपुढे मान लवते. परंतु विचार करणाऱ्या मनात प्रश्न उरतोच. हवेसेपणाच्या लावणीतून आलेले पीक अखेरीस गरिबांच्या पदरात टाकले, तर ती लावण निर्दोष ठरते का? ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी याबाबत फार कठोर भाषा वापरली आहे. संत बेसिल आणि संत अॅम्ब्रोझ यांची शिकवण अशी, की पेटीत पडून राहिलेले जादा वस्त्र उघड्या माणसाच्या मालकीचे असते आणि ते देणे म्हणजे त्याचे त्याला परत करणे. त्या दृष्टीने मार्गरीतने दान केले नाही, परतफेड केली. आम्हाला मात्र वाटते की याच भाषेत तिचा सर्वांत मोठा गौरवही आहे. हाती आलेले सारे आपलेच आहे असे मानणारी माणसे जगात पुष्कळ असतात. धुलाईच्या भट्टीपासून महालापर्यंत आलेल्या या बाईने शेवटी ते सारे ज्यांच्या हातांनी मिळवले होते त्यांच्याकडे वळवले. हिशेब पूर्ण चुकता झाला की नाही हे तो जाणे, ज्याच्यापुढे आपल्या सर्वांच्या वह्या उघडल्या जाणार आहेत.

आता रस्त्यावरील पहिल्या दाराकडे वळू. कॅथरीन लाबूरे हीही बरगंडीचीच, शेतकऱ्याची मुलगी. जन्म १८०६ चा, म्हणजे मार्गरीतहून दहा वर्षांनी वडील. तीही तरुणपणी पॅरिसला आली आणि काही काळ भावाच्या खाणावळीत कामगारांना जेवण वाढत असे. पुढे ती संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या प्रेमकन्यांच्या मठात दाखल झाली. दर्शनानंतर दोन वर्षांनी, १८३२ मध्ये, पॅरिसमध्ये पटकीची साथ थैमान घालत असताना पहिली पदके वाटली गेली. दर्शन कोणाला झाले हे जगाला ठाऊक नव्हते. कॅथरीन चार दशकांहून अधिक काळ एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे कपडे धूत, त्यांना भरवीत राहिली आणि १८७६ च्या अखेरच्या दिवशी, तितक्याच मूकपणे, निघून गेली. एकाच प्रांतातून आलेल्या, दोघींनीही परक्यांची ताटे वाढलेल्या या दोन स्त्रिया एकाच रस्त्याच्या इतिहासात अमर झाल्या. एकीचे नाव रस्त्याकडेच्या उद्यानाला, इस्पितळाला, भुयारी रेल्वेच्या स्थानकाला मिळाले. दुसरीने आपले नाव जिवंतपणी लपवून ठेवले.

यावरून वस्तू वाईट आणि विरक्ती चांगली, असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याचा मोह आम्हालाही होतो. परंतु आपली श्रद्धा तसे करू देत नाही. चॅपेलमधून जे बाहेर पडले तीही एक वस्तूच होती, धातूचा एक लहानसा तुकडा, आणि त्याच्याही कोट्यवधी प्रती निघाल्या. आपण ख्रिस्ती लोक भाकर, द्राक्षारस, तेल, पाणी यांच्याद्वारे देवकृपा स्वीकारतो. वस्तूंचा तिरस्कार हा आपला धर्म नव्हे. तसेच उंची वस्तूंचाही नव्हे. बेथानीच्या घरात एका स्त्रीने तीनशे दिनारांचे सुगंधी तेल प्रभूच्या मस्तकावर ओतले, तेव्हा भोवतालचे लोक गरिबांच्या नावाने कुरकुरले. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. त्या तेलाहून मोठी चैन शुभवर्तमानात दुसरी नाही. पण ती कुपी फुटली होती हे आपण विसरता कामा नये. तिने ती जपून ठेवली नाही, मिरवली नाही, दुसऱ्यावर रिती केली. चैन आणि प्रेम यांच्यातील सीमारेषा किमतीच्या चिठ्ठीवर सापडत नाही. ती कुपी कोणासाठी फोडली, यावर ती ठरते.

बाँ मार्शेच्या पुढील इतिहासातही एका पानावर हेच लिहिलेले आम्हाला दिसते. या दालनात खरेदीला येणाऱ्या श्रीमंत गिऱ्हाइकांच्या मुक्कामासाठी १९१० मध्ये शेजारीच ‘ल्युतेसिया’ हे वैभवशाली हॉटेल उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेरखात्याने ते ताब्यात घेतले. १९४५ मध्ये नाझी छळछावण्यांतून सुटलेल्या हजारो माणसांना आणून ठेवण्याचे ते केंद्र झाले. ज्या दिवाणखान्यांत खरेदीच्या खोक्यांच्या चळती लागत, तेथे हाडांचे सापळे झालेली माणसे बसून होती. बाहेर फलकांवर नातेवाइकांनी बेपत्ता माणसांची छायाचित्रे लावली होती आणि लोक दिवसेन्‌दिवस येऊन परतणाऱ्यांचे चेहरे न्याहाळत होते. त्या दिवसांत त्या चौकात उभ्या असलेल्या कोणालाही काय हवे आणि काय हवेसे, हे समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

त्यानंतर काळ पुन्हा पालटला. १९८४ मध्ये दालन उद्योगपती बेर्नार आर्नो यांच्या हाती आले आणि आज ते त्यांच्या उंची वस्तूंच्या प्रचंड समूहाचा भाग आहे. नाव अजूनही ‘स्वस्त’ असेच आहे. दार अजूनही सर्वांना खुले आहे, रविवारीदेखील. ज्या किमतीच्या चिठ्ठीने एके काळी मोलकरणीला सरदारपत्नीच्या बरोबरीने उभे केले, तीच आता न बोलता मोलकरणीला दारातून परत पाठवते. आणि बुसिकोची विद्या तर दालनाच्या भिंती ओलांडून आपल्या तळहातावरील पडद्यात येऊन बसली आहे. तेथे प्रवेश मुक्त आहे, परत करण्याची सोय आहे, मांडणी डोळे दिपवणारी आहे आणि बस चुकण्याची भीतीही नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या विश्वपत्रात म्हटले होते की चांगले जगावेसे वाटणे यात गैर काही नाही, ‘असण्या’ऐवजी ‘बाळगण्या’लाच जीवन मानणे यात गैर आहे. तो इशारा आज पूर्वीहून अधिक जवळून ऐकू येतो.

शेवटी त्या भगिनींच्या प्रश्नाचा उत्तरार्ध. चॅपेलमध्ये काय मागावे ते सुचले नाही, असे त्या म्हणाल्या होत्या. संत कॅथरीनने आपल्या दर्शनाचा जो वृत्तांत दिला त्यात एक तपशील आहे आणि तो आपण सहसा विसरतो. पवित्र मातेच्या बोटांत रत्नजडित अंगठ्या होत्या आणि रत्नांतून प्रकाशाचे किरण पृथ्वीवर पडत होते. परंतु काही रत्ने विझल्यासारखी होती, त्यांच्यातून किरण निघत नव्हते. कॅथरीनला उमगले, की ज्या कृपा मागायला लोक विसरतात, त्यांची ती रत्ने आहेत.

त्या रस्त्यावर, त्या दिवशी, आम्ही या रत्नांच्या चित्रापासून काही पावलांवर उभे राहून वह्या न्याहाळत होतो. आमच्या त्या भगिनींचा आणि आमचाही दोष फार काही हवेसे वाटण्यात नव्हता, असे आता वाटते. आपल्या इच्छा फार मोठ्या नसतात, फार लहान असतात. रुमालापाशी येऊन थांबतात. ज्याने आपले हृदय घडवले त्याने ते रुमालाने भरेल असे घडवलेले नाही. म्हणूनच कल्पनेला पोट नाही. ती अमर्यादता बुसिकोने हेरली आणि वस्तूंनी भरू पाहिली. वस्तुतः ती जागा दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवलेली आहे. क्षमा करण्याचे बळ, तुटलेल्या भावाशी बोलण्याचे धैर्य, आजाऱ्यापाशी बसण्याचा धीर, शांत मरण. विझलेल्या रत्नांची ही यादी आपापल्या घरी, आपापल्या गुडघ्यांवर, ज्याची त्याने करावी.

यात्रेहून परतल्यावर काही महिन्यांनी त्या भगिनी बाजारात भेटल्या. पाटीत शेवग्याच्या शेंगा आणि वांगी होती. पाटीच्या कडेला पुठ्ठ्याचा एक तुकडा खोचलेला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत भाव लिहिलेला होता. आम्ही त्याकडे पाहिले हे त्यांच्या लक्षात आले. “गाडीवाल्यालापण तोच,” त्या म्हणाल्या, आणि आमच्या पिशवीत दोन शेंगा जास्तीच्या टाकल्या.